दरवेळी गायब होणारी बी विंग

सोसायटीचा सेक्रेटरी निवडतात असं बाहेरच्यांना वाटतं. आमच्या बोईसरला तो पकडतात. वार्षिक सभेत जो उशिरा येतो, जो नेमका त्या वेळी मोबाईलमध्ये बघत असतो, किंवा जो मोठ्यानं "चहा यायचाय का अजून?" असं विचारतो, त्याच्या गळ्यात हे पद पडतं. मी चहाचं विचारलं होतं. त्याला चौथं वर्ष चालू होतं आणि मला आता काहीही करून सुटायचं होतं.

कारण होतं रविवार. मी सांगलीकडच्या कोरड्या जत तालुक्यातला. लहानपणी मासा पाहिला तो शाळेच्या पुस्तकात, तोही रंगवायचा. बायको मात्र इथली, दातिवऱ्याची, होडीवाल्यांच्या घरातली. औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत पॅकिंगला आम्ही दोघं होतो, तिथे जमलं. लग्नानंतर दर रविवारी आम्ही तिच्या माहेरी जायचो. सफाळ्याला उतरायचं, पुढे एस.टी. पोचलो की मी ओटीवर बसायचो. समोर सुकत घातलेले बोंबील, मागून समुद्राचा वारा, आणि बाराच्या सुमाराला सासूबाई ताट आणायच्या. त्यात पापलेटचा मधला तुकडा. तो जावयाचा, असा तिथला रिवाज. जतच्या माणसाला याहून जास्त काय पाहिजे असतं ते मला माहीत नाही.

सेक्रेटरी झालो आणि हे सगळं बुडालं. सोसायटीत आम्ही सगळे नोकरदार, कुणी कारखान्यात, कुणी तारापूरच्या वीज केंद्रात, त्यामुळे टाकी धुणं, टँकर मागवणं आणि भांडणं या तिन्ही गोष्टींना रविवारच मोकळा सापडतो. बायको एकटी जायला लागली. संध्याकाळी डबा घेऊन यायची. डब्यात माझ्यासाठी दोन तुकडे असायचे, गार झालेले. ते गरम करून खाताना मला भरून यायचं. बिचारी एकटी जाते, तिकडे सगळे विचारत असतील, जावई का नाही आले, ही काय उत्तर देत असेल. ती असं कधी बोलली नाही, पण तिच्या वाटचं मीच मनात बोलून घ्यायचो.

तर त्या वर्षी, वार्षिक सभा तोंडावर आलेली असताना, सोसायटीच्या कॉम्प्युटरनं माझं डोकं फिरवलं.

तो कॉम्प्युटर म्हातारा होता. चालू केला की आपण वर घरी जाऊन अंघोळ करून खाली यावं, तेव्हा कुठे तो विचारायचा, काय काम आहे. आमच्या कंपनीतल्या एका मित्रानं सांगितलं, याच्यावर लिनक्स टाक, फुकट आहे आणि जुन्या मशिनवर पळतं. मी दोन संध्याकाळी खपून ते टाकलं आणि खरंच पळायला लागलं. सोसायटीच्या ग्रुपवर मी अभिमानानं लिहिलं, "आपली सोसायटी आता लिनक्सवर." त्यावर तीन अंगठे आले आणि एकानं गुलाबाचं फूल पाठवलं. लिनक्स काय ते कुणीच विचारलं नाही. मॉनिटर जळाला होता, म्हणून एका बिऱ्हाडाचा जुना टीव्ही ऑफिसच्या भिंतीवर लावून त्यालाच कॉम्प्युटर जोडला.

त्या वर्षीच्या सभेत एकच विषय पेटणार होता, पार्किंगचा. मी नवीन पार्किंगचा नकाशा काढला. डाव्या अंगाला ए विंग, उजव्या अंगाला बी विंग, मध्ये आवारातलं झाड, भोवती चौकोन, प्रत्येक चौकोनात गाडीचा नंबर. सेटिंगमध्ये जाऊन स्क्रीनचा आकार मोठा केला. सगळा नकाशा टीव्हीवर मावला, झाडासकट. कॉम्प्युटरनं विचारलं, हे असंच ठेवायचं का? मी म्हटलं, ठेव. खूश होऊन सगळं बंद केलं आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी चालू केला तर सगळं फुगलेलं. अक्षरं लाडवाएवढी. नकाशाचा डावा अर्धा भाग टीव्हीभर पसरलेला आणि उजवा अर्धा भिंतीच्या पलीकडे कुठेतरी. म्हणजे ए विंग होती. बी विंग नव्हती.

आणि नेमक्या त्याच वेळी दारात बी विंगच्या काकू उभ्या होत्या. काकू निवृत्त शिक्षिका. त्यांच्यासमोर अजूनही मोठी माणसं खिशातून हात बाहेर काढतात. त्यांनी टीव्ही बघितला, मला बघितलं आणि शांतपणे विचारलं, "आमची विंग कुठे आहे?"

"आहे ना काकू. जरा सरकवली की दिसते."

"म्हणजे आम्ही सरकवल्यावर दिसायचं?"

संध्याकाळपर्यंत बी विंगमध्ये अशी बातमी होती की सेक्रेटरीनं नवीन नकाशातून बी विंग काढून टाकली आहे. नकाशा लहान करून दाखवावा तर गाड्यांचे नंबर मुंगीएवढे व्हायचे आणि मग, नंबर मुद्दाम बारीक केले, ही दुसरी बातमी निघाली असती. मी परत सेटिंग मोठं केलं, ठेव म्हटलं, बंद केलं. सकाळी बी विंग गायब. परत केलं, परत गायब. इंटरनेटवर शोधून एक लांबलचक कमांड लिहिली, चालू होताना ती आपोआप चालावी अशी सोय केली. ती कमांडही सकाळी तोंड पाडून बसलेली असायची. मी हातानं तीच कमांड टाकली की लगेच बी विंग हजर. तिथल्याच एका चर्चेत परदेशातल्या एका माणसानं हुबेहूब माझी तक्रार लिहिली होती. त्याच्याखाली कित्येक वर्षांत कुणी एक शब्द लिहिला नव्हता. त्या माणसाला शोधून काढून त्याच्या गळ्यात पडून रडावं असं मला वाटलं.

तेवढ्यात मला सुचलं की अरे, हीच संधी आहे. मी ग्रुपवर लिहिलं, "सभेच्या दिवशी दोन्ही विंग एकाच वेळी स्क्रीनवर दिसल्या नाहीत, तर मी सेक्रेटरीपदाचा राजीनामा देईन आणि तो परत घेणार नाही."

मला वाटलं होतं, विरोधक आनंदतील. पण सोसायटीची दातखीळ बसली. मी गेलो तर दुसरा कुणीतरी सेक्रेटरी करावा लागणार, आणि तो दुसरा आपणही असू शकतो, हे सगळ्यांना एकदमच कळलं असावं. रोलिंग मिलमधले शेजारी जिन्यात हात धरून म्हणाले, "साहब, ऐसा मत कीजिए, हम सब मिलके ठीक करेंगे." जी माणसं चार वर्षांत ऑफिसची पायरी चढली नव्हती, ती रोज संध्याकाळी कॉम्प्युटर दुरुस्त करायला येऊ लागली. लिनक्स कुणाला येत नव्हतं. पण जो तो आपापल्या खात्यात जन्म घालवलेला, त्यामुळे सल्ल्याला तोटा नव्हता.

पहिले आले रंगखात्याचे मास्तर. इचलकरंजीकडचे, आयुष्यभर कापड रंगवलेला माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "तुमचं सेटिंग कच्चं राहतंय. रंग नुसता लावून भागत नाही, तो बसायला उष्णता लागते. तुम्ही ठेव म्हणता आणि लगेच बंद करता. गरम कुठे होतंय ते?"

मग त्यांच्या देखरेखीखाली खिडक्या लावल्या, पंखा बंद केला आणि सेटिंग करून कॉम्प्युटर तसाच चालू ठेवून आम्ही पाच-सहा माणसं त्याच्याभोवती घाम पुसत बसलो. मास्तर मधूनमधून कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावून बघायचे आणि म्हणायचे, अजून नाही. शेवटी त्यांच्या मनासारखा तापला तेव्हा बंद केला. सकाळी बी विंग नव्हती. मास्तर म्हणाले, "डबल तापवायला लागणार."

काकूंचा उपाय जास्त सरळ होता. त्या म्हणाल्या, नकाशाच उलटा काढा, बी विंग डावीकडे घ्या. मी घेतली. दुसऱ्या दिवशी बी विंग टीव्हीभर ऐसपैस दिसली आणि ए विंग गायब झाली. काकूंचं म्हणणं पडलं की आता झालं की नीट. ए विंगवाल्यांनी ऑफिससमोर जो आवाज केला तो आमच्या इथल्या नवापूरच्या किनाऱ्यापर्यंत गेला असावा. नकाशा परत होता तसा केला.

या सगळ्यात ए विंगचे सुपरवायझर काका गप्प असायचे. काका एका कारखान्याच्या इलेक्ट्रिकल खात्यातून निवृत्त झालेले. सोसायटीतलं वायरिंग त्यांच्या शब्दाबाहेर नाही. ऑफिसच्या बोर्डाशेजारी त्यांनी स्वतः लाल ऑइलपेंटनं लिहून ठेवलंय, "एका वेळी एकच स्विच. घाई करू नये." कारखान्यात सगळ्या मशिनी एकदम चालू केल्या की काय होतं ते त्यांनी पाहिलेलं. एकदम लोड टाकायचा नाही. आधी मोठं मशिन, ते स्थिर झालं की पुढचं. त्यामुळे आमच्या ऑफिसात आधी कॉम्प्युटर लावायचा, त्याची घरघर शांत होईपर्यंत थांबायचं, मग टीव्ही, मग पंखा, आणि शेवटी माणसांनी बसायचं. जाताना उलट क्रमानं भिंतीवरचे सगळे स्विच बंद. आम्ही सगळे कारखान्यातलेच, त्यामुळे कुणाला यात वावगं वाटलं नाही. मला तर ते इतकं अंगवळणी पडलं होतं की मी घरी मिक्सरसुद्धा ट्यूबलाइट स्थिर झाल्यावर लावायचो.

मग वीज केंद्रातल्या एकानं येऊन सांगितलं, "आमच्याकडे उठसूट कुणी काही बंद करत नाही. तुम्ही बंद करताच कशाला? सभेपर्यंत चालू राहू द्या." हे सगळ्यांना पटलं. काकांनाही पटलं, कारण त्यात स्विचला हातच लावायचा नव्हता. सेटिंग मोठं केलं, दोन्ही विंग दिसू लागल्या आणि टीव्ही, पंखा, कॉम्प्युटर सगळं तसंच चालू ठेवलं. जाता-येता माणसं खिडकीतून डोकावून आपापली विंग आहे ना ते बघून जायची.

माझा धीर सुटायला लागला होता. असंच चालू राहिलं तर सभेच्या दिवशी सगळं नीट दिसणार आणि मी आणखी एक वर्ष अडकणार. पण शुक्रवारी लाईट गेली. इथून जवळ अणुवीज बनते, आणि लाईट गेली की आम्ही सगळे खिडकीत येऊन तारापूरच्या दिशेला बघतो, जणू तिथून कुणीतरी हात हलवून कारण सांगणार आहे. मी मात्र आतून फुललो. गेली बी विंग. आता उरले दोन दिवस. रविवारी सभा, आणि पुढचा रविवार दातिवऱ्याचा.

तासाभरानं लाईट आली. काका, काकू आणि मास्तर माझ्या मागोमाग ऑफिसात शिरले. स्विच सगळे चालूच राहिले होते. टीव्हीचा लाल दिवा लागला होता, पंखा फिरत होता. मी कॉम्प्युटरचं बटण दाबलं. तो उठला, आणि टीव्हीवर ए विंग, झाड, बी विंग, सगळं जिथल्या तिथे आलं. मी कुठेही हात लावला नव्हता.

"बसला रंग," मास्तर म्हणाले.

माझं तोंड उतरलं. पण मास्तरांचा आनंद टिकला नाही. काका म्हणाले, खात्री करू. त्यांनी सगळं बंद केलं आणि आपल्या पद्धतीनं लावलं. आधी कॉम्प्युटर, थांबले, मग टीव्ही. बी विंग गायब. परत बंद केलं. काकूंनी काका अडवायच्या आत पुढे होऊन सगळे स्विच एका हातानं खटाखट दाबले, मग मी कॉम्प्युटरचं बटण. बी विंग हजर. काका आपल्याच लाल अक्षरांकडे बघत उभे होते.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि तो पडायला नको होता असं मला आजही वाटतं. कॉम्प्युटर उठल्या उठल्या बघतो, समोर कोण आहे. आमचा टीव्ही तेव्हा भिंतीपासून बंद. कुणीच दिसत नाही म्हटल्यावर तो अंदाजानं कुठलातरी साधा आकार धरायचा. मागाहून टीव्ही चालू केला तरी धरलेलं सोडायचा नाही. माझी कमांडही त्याच वेळी, टीव्हीच्या आधी चालून जायची, म्हणून तोंडावर पडायची. माझं सेटिंग त्यानं पहिल्या दिवसापासून नीट जपून ठेवलं होतं, पण त्या टीव्हीच्या नावानं. टीव्ही दिसला तरच तो ते बाहेर काढणार ना. तीन आठवडे मी त्याला विसरभोळा म्हणून शिव्या दिल्या होत्या.

हे मी बोलून बसलो. न बोलता राहणं मला जमत नाही, चहाच्या वेळीही जमलं नव्हतं. काकांनी विचार केला, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "म्हणजे नियम बरोबर आहे," ते म्हणाले. "एका वेळी एकच स्विच. फक्त टीव्ही पहिला." लगेच घरी जाऊन रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आले आणि जुन्या ओळीखाली लिहिलं, "आधी टीव्ही."

रविवारी सभा झाली. त्या दिवशी बायको माहेरी गेली नाही, सभेला आली आणि बायकांच्या खुर्च्यांत पुढे बसली. मला वाटलं, बिचारी माझा राजीनामा बघायला आली. मला अजून थोडी आशा होती. लिनक्सनं एवढे दिवस दगा दिला, आज ऐन वेळी द्यायला काय हरकत होती. काकू उभ्या राहून म्हणाल्या, "आमच्यासमोर बंद करून परत लावून दाखवा." काकांनी बंद केलं. टीव्ही लावला. थांबले. कॉम्प्युटर लावला. पूर्ण सभा श्वास रोखून भिंतीकडे बघत होती, आणि त्या सगळ्यांत वाईट व्हावं अशी इच्छा धरून बसलेला मी एकटाच होतो. बी विंग आली, शेवटच्या स्कूटरपर्यंत. टाळ्या पडल्या. पार्किंगचा विषय पाच मिनिटांत मंजूर झाला, कारण नकाशात काय लिहिलंय ते बघायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. सगळे नुसता तो दिसतोय याच आनंदात होते.

मग काकूच म्हणाल्या, "सेक्रेटरी म्हणून यांचंच नाव परत सुचवते. अनुमोदन कोण देतंय?"

मी मान खाली घातली होती. वर बघितलं तर एक हात आधीच वर गेलेला होता. सरळ, ताठ, हिरव्या बांगड्यांचा. माझ्या बायकोचा. तिच्यामागे सगळी सभा हात वर करून बसली. बिनविरोध.

जिन्यात मी तिला गाठलं. "हात तू वर केलास?"

"केला."

"अगं, मी आज सुटलो असतो. दर रविवारी तुझ्याबरोबर आलो असतो."

"तेच तर," ती म्हणाली. मग एक पायरी वर जाऊन वळली, तिथल्या तिथे टेकली, आणि तिच्या माहेरच्या बोलीत सावकाश बोलली. हे तिच्या पोटात बरेच दिवस असणार. "तुमी आलात का आई मला चुलीशी बसवते. जावय आलाय, पापलेट तळ, कालवण बघ, पाणी दे, वाढ. तुमी ओटीवर. तुमचं जेवण झालं का आमी जेवायचं, तवर गाडीची वेळ होते. मी माहेरी गेले असं मला वाटतच नाय. एकटी गेले का आई बोलते, बस गं, दमून आली हायस. आमी दोघी ओटीवर पाय पसरून बसतो. घोळ मासळीचं डोकं माझ्यासाठी ठेवलेलं असतं. कोण वाढायचं नाय, कोणाला वाढायचं नाय." आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमचा राग नाय मला. पण हे चार वरीस बरं चाललंय."

मला वाईट वाटलं, उगाच कशाला लपवू. पापलेटच्या त्या मधल्या तुकड्याकडे मी इतकी वर्षं बघत आलो, पण तो आत कोण तळायचं तिकडे कधी बघितलं नव्हतं. रागवावं तर कुणावर, तेही कळेना. शेवटी मी माझ्या परीनं मोठेपणा घेतला आणि म्हटलं, "बरं. पुढच्या रविवारी गेलीस की आईंना सांग, जावई यंदाही येऊ शकणार नाहीत. सोसायटीनं सोडलं नाही म्हणावं."

"सांगितलं हाय," ती उठत म्हणाली. "हात वर केला आन् बाहेर येऊन फोनच केला. आई जाम खूश झाली."